दोन पॉइंट सात

बेदाण्याच्या शेडमध्ये, रॅकांच्या आड
सतरा वर्षं उभी होती जीप.
दर हंगामात गंधकाची धुरी
तिच्याही अंगावरून गेली,
म्हणून मूळचा हिरवा रंग
कुठं कुठं बेदाण्यासारखाच पिवळट.
नंबरप्लेटीवरचा एक आकडा गंजानं खाल्लेला.
तीन की आठ, ते आप्पांना ठाऊक,
आणि आप्पांना काही विचारायचं
तर शिवारभर ऐकू जातं.

तासगावहून दस्तगीर मुलाणी आला.
बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ गप्प राहिला,
पाहुणा चपला काढण्याआधी
उंबऱ्याशी थांबतो, तसा.
टाकीतून चहाच्या रंगाचं पेट्रोल निघालं,
प्लग निघाले ते जळक्या खारका.
पॉइंट घासले, डायफ्रॅम बदलला,
बॅटरी माझ्या पगारातली.
अकराव्या खेपेला ती खोकली,
कबुतरं उठली,
आणि पलीकडच्या वस्तीवरून फुलाकाकूची हाक आली,
'आलास का रं, बाळगोंडा?'
जणू आप्पा नुसते बाजाराला गेले होते.

सांगलीच्या वाटेवर कवठेएकंद.
दसऱ्याच्या रात्री हे गाव
आभाळ दारूकामाच्या धुरात बुडवतं.
त्याच गावातून मी चाललेय आरशात बघत,
मागं किती काळं सुटतंय.
इथंच, वेशीच्या अलीकडं,
पद्मजा जन्मली, मागच्या बाकावर.
मिरज येईपर्यंत दम नव्हता तिला.
अजूनही नाही.

विश्रामबागेत लिंबाखाली पीयूसीची व्हॅन.
भरमू नावाच्या पोरानं
सायलेन्सरात नळी खुपसली.
सहा पॉइंट आठ.
'मॅडम, तीनच्या आत लागतंय.'
दस्तगीरनं स्क्रू अर्धा आटा फिरवला.
पाच पॉइंट दोन.
आणखी पाव.
चार पॉइंट नऊ, आणि इंजिनच बसलं.
मागचा रिक्षावाला म्हणाला,
'बाई, भंगारात घाला. पत्रा जाड आहे, वजन भरंल.'

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहिते,
हवा अपुरी, तर ज्वलन अपूर्ण.
परीक्षेत दोन गुणांना येतं.
पोरं पाठ करतात,
मीही पाठच केलं होतं.
त्या उन्हात, डोक्यावर ओढणी धरून,
वाक्याचा अर्थ लागला.
'दस्तगीरभाई, ही हवा कुठून घेते?'

एअर क्लीनरचं तेल त्यानं बदललं होतं,
नळीत कुणी डोकावलंच नव्हतं.
आत कुंभारमाशीचं घर.
सात कुप्या मातीच्या, एकीला एक लागून,
बोटानं चेपून गुळगुळीत केल्यासारख्या,
आणि प्रत्येकीला एक भोक,
राहणारं निघून गेल्याचं.
दस्तगीर पान्हा घेऊन पुढं झाला,
मग पान्हा ठेवला,
आणि पोस्टकार्डानं हळूच सोडवलं ते, अख्खं.
भरमू म्हणाला, 'माझ्या आजोळी असलं
देव्हाऱ्याच्या मागं असायचं.'
रिक्षावालाही उतरून बघायला आला.

मग चावी. मग नळी.
आकडा वर गेला, रेंगाळला,
उतरू लागला.
तीन पॉइंट चार. तीन पॉइंट एक.
आम्ही चौघं त्या पडद्यापुढं असे उभे
की लांबून वाटावं, मॅच चालली आहे.
दोन पॉइंट सात.

'मुदत सहा महिने,' भरमू म्हणाला. 'नंबर सांगा.'
आरसी बुकाची पानं ओलीनं चिकटलेली.
मी फोन लावला, आणि भर रस्त्यात
बेंबीच्या देठापासून ओरडले,
'आप्पा, तीन का आठ?'
'आठ! पास झाली का?'
'झाली! दोन पॉइंट सात!'
'धूर?'
'अजिबात नाही!'
पलीकडं बराच वेळ
नुसती पंख्याची घरघर.
मग आप्पा म्हणाले,
'मग चालू तरी हाय का ती?
जरा हात लावून बघ की.'